डब्यातलं नाणं कुठवर जातं?



आमच्या पॅरिशमध्ये मुलांचा मिशन रविवार जवळ आला की धर्मशिक्षण वर्गात पुठ्ठ्याचे छोटे डबे वाटले जातात. मुलं महिनाभर खाऊचे पैसे त्यात टाकतात आणि त्या रविवारी मिस्सेत अर्पणाच्या वेळी ते डबे वेदीपाशी आणून ठेवतात. यंदा डबे वाटताना चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, हे पैसे ज्यांना मिळतात ती मुलं आपल्याला ओळखतात का?"

आम्ही म्हटलं, "ती नाही ओळखत, बाळ. पण देव ओळखतो."

उत्तर खोटं नव्हतं, पण घरी जाताना ते आम्हालाच अपुरं वाटलं. त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्यातल्या आठ-दहा कुटुंबांनी मिळून एका वसतिगृहातल्या मुलाचा खर्च उचलला होता. दर महिन्याला पैसे जायचे आणि दर सहा महिन्यांनी आम्ही त्याचा फोटो, पत्र, मार्कांचा कागद मागवायचो. नववीनंतर तो मुलगा शाळा सोडून मामाच्या गॅरेजमध्ये कामाला लागला. पुढच्या बैठकीत कुणीतरी बोललं, "आपले पैसे पाण्यात गेले." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो मुलगा कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

म्हणून या वेळी इतिहासाचं एक पान उघडू या. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर परक्यांच्या दानावर चाललेल्या दोन बालगृहांची ही गोष्ट आहे. त्यातल्या एकाची मुळं तर आपल्या नाशिकात आहेत.

एक प्रार्थना, एक पैसा

१८४३ साली फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बां-जान्सों यांनी मुलांची एक संस्था सुरू केली. नाव ठेवलं पवित्र बाल्य संस्था. नियम अगदी साधा होता. प्रत्येक मुलाने रोज एक नमो मारिया म्हणायची आणि महिन्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे त्यांच्याकडचं हलकं नाणं, आपल्या जुन्या पैशासारखं. सुरुवातीला हे पैसे चीनमधल्या टाकून दिलेल्या बाळांसाठी जात. पुढे ते आफ्रिकेतही जाऊ लागले. आज आमच्या वर्गात फिरणारे डबे त्याच परंपरेतले आहेत.

त्या काळी झांजिबार बेटावर माणसांचा बाजार भरत असे. आतल्या प्रदेशातून, न्यासा सरोवराच्या बाजूने, माणसांचे तांडे किनाऱ्यावर आणले जात. त्यांच्या डोक्यावर हस्तिदंत असे आणि गळ्यात जू. काहींना लवंगेच्या बागांत राबवायला ठेवत, काहींना गलबतांत घालून अरबस्तानाकडे पाठवत. इथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. या सगळ्या व्यापाराला उधारीचा पैसा पुरवणाऱ्यांत आपल्या देशातून गेलेले सावकारही होते. त्या किनाऱ्यावर भारतातून फक्त दान गेलं नाही, पापाचं भांडवलही गेलं.

१८६३ साली पवित्र आत्म्याच्या संघाचे फ्रेंच फादर झांजिबारला आले. पुढच्या काळात तिथल्या गोंयकार कॅथलिकांचे पाळकही हेच झाले. १८६८ मध्ये फादर आंत्वान होर्नर यांनी समोरच्या मुख्य भूमीवर बागामोयो इथे मोठं मिशन उभारलं. मुलांचं घर, सिस्टरांच्या देखरेखीखाली मुलींचं घर, शाळा, सुतारकामाचे आणि लोहारकामाचे वर्ग, आणि मागे शेती. ही मुलं कुठून आली? काही इंग्रज आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सोडवलेली होती. बरीचशी मात्र फादरांनी बाजारातच पैसे मोजून सोडवली होती. तो पैसा युरोपातल्या मुलांच्या डब्यांतला होता.

दिवस घंटेवर चालायचा. पहाटेची प्रार्थना, मिस्सा, वर्ग, मग शेत किंवा कारखाना. एवढ्या मुलांना धान्य लागे, कापड लागे, तापाची औषधं लागत. पैशाला उशीर झाला तरी मुलांच्या भुकेला उशीर होत नसतो, हे ज्यांनी कधी वसतिगृह चालवलं आहे त्यांना सांगायला नको. १८७२च्या एप्रिलमध्ये मोठं चक्रीवादळ आलं आणि झांजिबार नि बागामोयो दोन्हीकडच्या इमारती कोसळल्या. फादरांनी पुन्हा युरोपला पत्रं लिहिली, पुन्हा डबे फिरले आणि पुन्हा भिंती उभ्या राहिल्या.

पण एक प्रश्न तेव्हाही होता आणि तो टाळून चालणार नाही. बाजारात पैसे मोजून मूल सोडवलं की त्या मुलाची बेडी तुटते, पण विकणाऱ्याच्या हाती पैसा पडतो आणि तो दुसरं मूल आणायला मोकळा होतो. दुसरी अडचण त्याहून नाजूक होती. ज्याला पैसे देऊन सोडवलं, तो खरंच मोकळा झाला की फक्त मालक बदलला? बागामोयोची मुलं मोठी झाली की फादर त्यांची लग्नं लावून देत, मिशनच्या गावात घर देत, आणि त्या गावातही दिवस घंटेवरच चाले. काही जण तिथे सुखाने राहिले. काही पळून गेले. ज्यांच्यासाठी एवढं केलं ते पळाले, याचं फादरांना दुःख झालं असेल. आम्हाला ते दुःख ओळखीचं वाटतं, कारण आमच्या बैठकीतलं वाक्यही त्याच दुःखातून आलं होतं.

नाशिकचा जेकब

१८७४च्या फेब्रुवारीत बागामोयोच्या या मिशनमध्ये एक थकलेला तांडा येऊन पोहोचला. त्यांच्याजवळ कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलेला एक देह होता. तो होता डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचा. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबो गावी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या आफ्रिकी सोबत्यांनी हृदय तिथेच झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला आणि सुमारे नऊ महिने, हजार मैलांहून अधिक वाट तुडवत तो समुद्रापर्यंत आणला. हे करण्याचा हुकूम त्यांना कुणीही दिलेला नव्हता. प्रोटेस्टंट प्रवाशाचा तो देह कॅथलिक मिशनने आपल्या छताखाली घेतला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तांड्याचे पुढारी होते सुसी आणि चुमा. झाडाखालच्या त्या दफनाची प्रार्थना ज्याने वाचली, झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख ज्याने कोरली, मृताच्या वस्तूंची यादी ज्याने लिहून काढली, त्या तरुणाचं नाव होतं जेकब वेनराइट. जन्माने तो याओ जमातीचा होता. पण लिहिणं, वाचणं आणि प्रार्थना म्हणणं तो शिकला होता नाशिकला.

शरणपूर

नाशिकला गेलेल्यांना शरणपूर रोड माहीत असतो. त्या रस्त्याला ज्या वस्तीचं नाव मिळालं, ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवली. नावातच तिचा हेतू आहे. आसरा मागत येईल त्याचं गाव.

अरबी समुद्रात इंग्रज आरमार गुलामांची गलबतं पकडे, तेव्हा सुटलेली मुलं कधी एडनला तर कधी मुंबईला उतरवली जात. आईबाप सापडण्याची आशा नाही, आपली बोली कुणाला कळत नाही. त्यांचं करायचं काय? पूर्वी इथियोपियात काम केलेले मिशनरी कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग यांनी मुंबईत त्यांना जवळ केलं आणि १८६०च्या सुमारास ही मुलं शरणपूरला आली. गोदावरीच्या काठी आफ्रिकी मुलांचं वसतिगृह सुरू झालं. सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम आणि अक्षरओळख. खर्च निघे तो इंग्लंडमधल्या पॅरिशांच्या वर्गण्यांतून, प्रवचनानंतर फिरणाऱ्या थैलीतून, घराघरांत ठेवलेल्या मिशनच्या पेट्यांतून. मुलांना नवी नावं मिळाली, बहुधा इंग्रजी. कुणी इझेनबर्ग झाला, कुणी प्राइस, कुणी वेनराइट. मॅथ्यू वेलिंग्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलाला त्याच्या आईने चेंग्विंबे म्हणून हाक मारली होती.

१८६५ साली लिव्हिंगस्टन मुंबईला आले, तेव्हा इथल्या नऊ तरुणांना त्यांनी सोबत घेतलं. ते सगळे टिकले नाहीत. बरेच मधेच सोडून गेले आणि लिव्हिंगस्टन यांनी त्यांच्याबद्दल नाराजीही लिहून ठेवली. त्या वेळी कुणी हिशेब मांडला असता, तर 'नाशिकवर केलेला खर्च वाया गेला' असंच उत्तर आलं असतं. पण १८७२ मध्ये मदतीला म्हणून आणखी काही नाशिकचे तरुण धाडले गेले. त्यांत जेकब होता, मॅथ्यूही होता. मग चितांबोच्या झाडाखालची ती प्रार्थना झाली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लिव्हिंगस्टन यांचं दफन झालं, तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या मान्यवरांमध्ये नाशिकचा जेकबही उभा होता. सुसी आणि चुमा यांना मात्र कुणी वेळेवर बोलावलं नाही. ते पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

मोंबासाची घंटा

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना ब्रिटिश सरकारने झांजिबारला वाटाघाटीसाठी पाठवलं. जून १८७३ मध्ये सुलतान बर्घाश यांनी करारावर सही केली आणि झांजिबारचा बाजार बंद झाला. आता समुद्रात सुटणाऱ्या माणसांना आफ्रिकेतच घर हवं होतं. म्हणून प्राइस यांना मोंबासाला धाडण्यात आलं. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर, मुख्य भूमीवर त्यांनी वस्ती उभारली. तिचं नाव फ्रिअरटाउन. तिथे मुलांचं घर होतं, शाळा होती आणि संसार मांडणाऱ्यांसाठी शेतीचे तुकडे होते. नाशिकची आफ्रिकी मंडळी शिक्षक, कारागीर आणि धर्मशिक्षक म्हणून तिकडे गेली. तिथे त्यांना 'मुंबईवाले आफ्रिकी' म्हणत.

काहींनी तर आधीच वाट पाडून ठेवली होती. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे दोघे १८६४ सालीच नाशिकहून मोंबासाजवळच्या रबाईला गेले होते. तिथे योहानेस रेबमान हे वृद्ध मिशनरी एकटेपणाने काम रेटत होते आणि त्यांची दृष्टी अधू होत चालली होती.

फ्रिअरटाउनला एक घंटा टांगलेली होती. गुलाम पकडणारे येत असल्याची चाहूल लागली की ती वाजवायची. ती घंटा आजही मोंबासात आहे आणि त्या जागेला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

पण बाहेरच्या शत्रूसाठी घंटा असते, आतल्या चुकीसाठी नसते. १८८०च्या आसपास फ्रिअरटाउनच्या व्यवस्थापनाने शिस्तीच्या नावाखाली माणसांना फटके मारल्याचं उघड झालं. ज्यांच्या पाठीवर गुलामगिरीचे वळ होते, त्यांच्याच पाठीवर आश्रयाच्या घरात वळ उठले. इंग्लंडमध्ये पेटीत नाणं टाकणाऱ्या म्हाताऱ्या बाईला याची काय कल्पना? चौकशी झाली आणि प्राइस यांना पुन्हा तिकडे पाठवण्यात आलं. दुसरी तक्रार मात्र लवकर मिटली नाही. नाशिकहून आलेले शिक्षक युरोपियनांच्या बरोबरीने कष्ट करत, पण पगार आणि मान त्या मापाने मिळत नसे. त्यांनी ती गोष्ट बोलून दाखवली की काहींना ते कृतघ्न वाटत.

वाचकहो, इथे आम्ही थांबलो. 'आम्ही तुम्हाला वाढवलं आणि तुम्ही आम्हालाच प्रश्न विचारता?' हे वाक्य कुठल्या दानशूर घरात बोललं गेलेलं नाही?

इखाबोद

विल्यम जोन्स यांना १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी डीकन म्हणून दीक्षा दिली आणि त्याच वर्षी आपल्यासोबत युगांडाच्या वाटेवर नेलं. वाटेत मोठा तांडा जोन्स यांच्यावर सोपवून बिशप थोड्या माणसांनिशी पुढे गेले. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी राजा म्वांगा याच्या हुकमाने त्यांना ठार करण्यात आलं. आपल्या कॅथलिक वाचकांना पुढचा धागा माहीत असेल. या हत्येबद्दल राजाला तोंडावर जाब विचारला तो दरबारातल्या जोसेफ मुकासा या कॅथलिक सेवकाने, आणि १५ नोव्हेंबरला त्यालाही मरण आलं. युगांडाच्या रक्तसाक्षींतला तो पहिला कॅथलिक.

इकडे जोन्स वाट पाहत राहिले. बातमी कळल्यावर उरलेली माणसं घेऊन, उपाशीतापाशी, ते परत निघाले. १८८६च्या फेब्रुवारीत तांडा रबाईला पोहोचला, तेव्हा त्यांच्या हाती एक निळं निशाण होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शिवलेला होता. इखाबोद. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात कराराचा कोश शत्रूच्या हाती पडतो, तेव्हा जन्मलेल्या बाळाचं हे नाव. त्याचा अर्थ, वैभव निघून गेलं. नाशिकच्या वसतिगृहात अक्षरं गिरवलेल्या माणसाने पवित्र शास्त्र किती आत मुरवलं होतं, ते त्या एका शब्दातून कळतं.

जोन्स यांचं सर्वांत मोठं काम पुढेच आहे. मालकांकडून पळालेले गुलाम रबाईला आसऱ्याला येत. अशांना ठेवून घेऊ नये असं मिशनचं धोरण होतं, कारण मालक चिडून हल्ला करतील ही भीती होती. जोन्स यांनी दार बंद केलं नाही. जो स्वतः एकदा आसऱ्याच्या दाराशी उभा होता, त्याला दार बंद करणं कसं जमणार? १८८८ मध्ये प्रकरण हातघाईवर आलं. शेवटी ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेंझी यांनी पुढाकार घेतला आणि मालकांना भरपाई द्यायचं ठरलं. १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले.

नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी चौदाशे माणसं मोकळी झाली. त्यामागे कंपनीचा पैसा होता, दात्यांचा होता. पण त्या पैशाच्याही आधी दार उघडं ठेवणारा एक माणूस होता, आणि तो शरणपूरचा होता.

मूल आपलं होत नाही

या दोन्ही घरांकडे पाहताना आम्हाला मोशेच्या बालपणाची गोष्ट आठवली. फारोच्या मुलीने त्याला पाण्यातून काढलं, आपल्या खर्चाने वाढवलं. मोठा झाल्यावर तो तिच्या महालात राहिला नाही, आपल्या माणसांकडे गेला. महालाच्या वहीत त्याचा खर्च बुडीत खात्यातच पडला असेल. देवाच्या वहीत नाही.

दान देणारा दोन प्रकारे देऊ शकतो. एक देणं मुलाला हातात धरून ठेवतं. त्याला फोटो हवा, पत्र हवं, उपकाराची जाण हवी, आपल्याला आवडेल असं आयुष्य हवं. दुसरं देणं मुलाला उभं करतं आणि हात सोडतं. फटके आणि कमी पगार ही पहिल्या प्रकारच्या देण्याची फळं होती. झाडाखाली प्रार्थना म्हणणारा जेकब आणि रबाईचं उघडं दार ही दुसऱ्या प्रकारची. एकाच पेटीतल्या पैशाने दोन्ही झालं, हे आपण विसरू नये. म्हणून नुसतं देऊन भागत नाही. तिथे मुलांना कसं वागवतात हे विचारणं, हिशेब पाहणं, तिथल्याच माणसांच्या हाती कारभार आहे का हे पाहणं, हीही दात्याची जबाबदारी आहे. विचारायचं ते मुलासाठी. स्वतःच्या समाधानासाठी नाही.

चौथीतल्या त्या मुलीला आता आम्ही वेगळं उत्तर देणार आहोत. फ्रिअरटाउनच्या एका मुक्त गुलामाच्या मुलाने, जेम्स म्बोटेला यांनी, १९३४ साली स्वाहिलीत पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ 'गुलामांचं स्वातंत्र्य'. आपल्या माणसांची कहाणी त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या नावाने सांगितली. चेंग्विंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन हे १९३५ साली, म्हातारपणी, मोंबासात वारले. तेव्हा बाळ, ती मुलं आपल्याला ओळखतात की नाही, याची काळजी नको. ती स्वतःला ओळखू लागली, बोलू लागली, दुसऱ्यासाठी दार उघडू लागली, की आपलं नाणं पोहोचलं.

आणि गॅरेजमधल्या त्या मुलाला आम्ही परवा फोन केला. तो आता स्वतः गाड्या दुरुस्त करतो. हाताखाली एक पोरगा ठेवलाय म्हणाला. "त्याची रात्रशाळा बुडू देत नाही मी," असंही म्हणाला.

प्रभू, आमच्या हातून जे सुटतं ते तुझ्या हाती पडू दे. ज्यांना आम्ही देतो त्यांच्यावर हक्क सांगण्यापासून आम्हाला वाचव. मुलांच्या प्रत्येक घरात तुझी नजर राहू दे, आणि आमचीही जागी ठेव. आमेन.